बावन्न मिनिटांची साक्ष

संसदेच्या समितीपुढे मी जे बोललो ते अक्षरशः खरं होतं, आणि तिथेच घोळ झाला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केल्यामुळे मला मोघम बोलणं जमत नाही. कोणी "पाच मिनिटांत येतो" म्हणालं की मी खरंच पाच मिनिटं मोजतो. मित्र फारसे उरले नाहीत त्याला हेही एक कारण असावं.

बायको जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा दूरदेशी असतो. रविवारी फोन करतो, तब्येतीची चौकशी झाली की आम्ही दोघेही हवापाण्यावर येतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. राहता राहिली ताई. एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी सरकार रोज दीड तास मदतनीस पाठवतं, त्या योजनेतली. चाळिशीची आहे. सकाळी दहाला येते, मला आंघोळीला हात देते, औषधं काढते, गुडघ्यांना मलम लावते, केर-भांडी उरकते आणि मग समोर बसून बोलते. म्हणजे बोलायची. जावेनं डबे कुठे लपवले, नवरा दिवसाला कसे मोजून अकरा शब्द खर्च करतो. जावेशी कसं वागावं याचे मी तिला सल्ले देत असे. ती मन लावून ऐके आणि घरी जाऊन नेमकं उलटं करी. दिवसभरात मी माणसांत असे तो तेवढाच वेळ.

ही योजना नीट चालते की नाही हे तपासायला संसदेनं समिती नेमली होती. तिला अधिकाऱ्यांबरोबर एखादा मदत घेणाराही ऐकायचा होता. पत्र मला आलं. मी सदऱ्याला इस्त्री करून गेलो. लांबलचक टेबल, माइक, पाण्याच्या बाटल्या आणि पलीकडे नऊ खासदार, त्यातले दोघे मोबाइलमध्ये बुडालेले. अध्यक्षबाई मृदू होत्या. त्यांनी विचारलं, मदतनीस नेमकं काय करते आणि त्याला किती वेळ लागतो? मला वाटलं, ताईचं कौतुक करायची हीच संधी.

"आंघोळ चौदा मिनिटं," मी म्हणालो. "औषधं चार, मलम सहा, केर-भांडी चौदा. अडतीस मिनिटांत सगळं चोख. उरलेली बावन्न मिनिटं ती माझ्याशी बोलत बसते. बाई, खरी मदत तीच आहे."

अध्यक्षबाई हसल्या. एका खासदारानं मोबाइल बाजूला ठेवून काहीतरी टिपून घेतलं. माझ्या बोलण्याची कोणीतरी नोंद घेतली, म्हणून मी घरी येईपर्यंत हवेत होतो. अति शहाणा, दुसरं काय.

नऊ दिवसांनी माझ्या साक्षीची प्रत घरी आली. शब्द बरोबर उतरलेत का ते पाहून सात दिवसांत परत पाठवायची होती. त्याच सकाळी ताई भांडी घासताना सांगू लागली की त्यांच्या कार्यालयात कुजबुज आहे, दीड तासाची चाळीस मिनिटं होणार. कुणा म्हाताऱ्यानंच समितीला सांगितलं म्हणे, की काम तेवढ्यात होतं.

"कोण तो शहाणा, देव जाणे," ती म्हणाली. "तुमचं मी चाळीस मिनिटांतही करीन हो, काका. फक्त बसायला नाही जमणार."

तो शहाणा मीच होतो. तिला सांगायची हिंमत झाली नाही, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी प्रत घेऊन मी समितीच्या कार्यालयात गेलो. तिथल्या कारकुनानं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शब्द चुकीचा उतरला असेल तर दुरुस्त करता येतो, पण बोललेलं मागे घेता येत नाही, असा नियम त्यानं सांगितला. मी विचारलं, बोलणाराच चुकीचा असेल तर? त्यानं पेन खाली ठेवलं.

"आपल्याला वेळेचं भान राहत नाही, असं साक्षीदारानं लिहून दिलं तर समिती तो आकडा धरणार नाही," तो म्हणाला. "पण आजोबा, विचार करा. तो कागद मदत कार्यालयातही जातो."

मी कागद मागून घेतला आणि लिहिलं, 'मला वेळेचं भान राहत नाही. मी सांगितलेली मिनिटं धरू नयेत.' ज्या माणसाकडे अर्धं गाव आपली घड्याळं लावायला यायचं, त्यानं हे लिहिलं. अक्षर इतकं सरळ आलं की कारकुनाला संशय आला असणार. त्यानं कागदाकडे बराच वेळ पाहिलं आणि शिक्का मारला.

अहवालातून माझा आकडा गेला. दीड तास सगळ्यांचाच वाचला. पुढच्या सोमवारी ताई नवा तक्ता घेऊन आली. माझ्या कामांत एक काम वाढलं होतं, 'स्मृतीची देखरेख'. रोज पन्नास मिनिटं माझ्याजवळ बसायचं, वार, तारीख, वेळ विचारायची आणि उत्तर लिहायचं. म्हणजे बसणंही आता सरकारी काम झालं. मला मनातल्या मनात हसू फुटलं.

मग तिनं खुर्ची जवळ ओढली, माझा हात हातात घेतला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "काका, आज, वार, कोणता?"

खरं सांगावं तर माझा कागद खोटा ठरणार आणि ती अडतीस मिनिटं पुन्हा सगळ्यांच्या मानगुटीवर बसणार. मी म्हणालो, "शुक्रवार." तिचा चेहरा पडला. तिनं लिहून घेतलं.

याला तीन महिने झाले. तिला विश्वासात घ्यावं, असं रोज मनात येतं. पण मग त्या तक्त्यावर जाणूनबुजून खोटं लिहायचं पाप तिच्या हातून होणार, आणि उघडकीला आलं तर नोकरी तिची जाणार. म्हणून गप्प बसतो. ती मला फळांची चित्रं दाखवते, मी सफरचंदाला पेरू म्हणतो. जावेचं ती काहीच सांगत नाही. ज्याच्या लक्षातच राहत नाही त्याला काय सांगायचं? एकदा न राहवून मी विचारलं, जाऊबाई काय म्हणतायत? तिचे डोळे असे लकाकले म्हणून सांगू! आणि लगेच तिनं पेन उचललं, "काका, तुम्हाला आठवतं? नाव सांगा बरं तिचं." नाव माझ्या ओठांवर होतं. मी मान हलवली, नाही म्हणून.

काल ती बसलेली असताना तिच्या बहिणीचा फोन आला. पूर्वी ती फोन घ्यायला बाहेर जायची. काल उठलीच नाही.

"नाही गं, इथेच बसलेत ते," ती म्हणाली. "त्यांना आता काही कळत नाही. पूर्वी सगळं यांनाच सांगायचे मी. हलकं वाटायचं. आता मला तरी कोण आहे?"

फोन ठेवून तिनं डोळे पुसले. मला इतकं भरून आलं की मी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग तिनं घसा खाकरून माझा हात हातात घेतला आणि विचारलं, किती वाजले असतील?

अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

"चार," मी म्हणालो.

"बरं, बरं," ती म्हणाली आणि तिनं ते लिहून घेतलं.