झेलीच्या हातासाठी केलेली डबी

न्यूमा केबातच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला गावात मान होता. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. हसू दे. आमच्या न्वारमों गावात घरटी एक माणूस मनगटी घड्याळांच्या डब्या करतो, आणि डबी करणाऱ्याचं खरं हत्यार हे नखच. डबीच्या मागच्या झाकणाच्या कडेला बारीकसा ओठ ठेवलेला असतो. त्यात नख घालायचं, जरासं पिळायचं, की झाकण टच्‌कन उघडतं. चाळीस वर्षं रोज शेकडो वेळा हे केलं की नखाचं शिंग होतं. न्यूमा रविवारी चर्चमध्ये मासला जाण्याआधी त्या नखाला कानशीने आकार द्यायचा, आणि त्यात त्याला वावगं काही वाटत नसे.

त्याची बायको झेली त्याच कारखान्यात शेवटच्या तपासणीला होती. यंत्र बसवून तयार झालेलं घड्याळ तिच्यापुढे यायचं. ती झाकण उघडून भिंगातून आत बघायची आणि पुन्हा बंद करायची. एवढंच काम. पण तिच्या डोळ्याला तोड नव्हती. दुसऱ्याला जिथे लखलखीत चाक दिसे, तिथे तिला धुळीचा कण दिसे, आणि मग ज्याचा कण त्याची ती सगळ्यांसमोर हजेरी घ्यायची. सत्तावीस वर्षं खिडकीजवळची ती खुर्ची तिची होती. संधिवाताने बोटं वाकडी झाली, सांधे बटाट्यासारखे फुगले, नखं पापुद्र्यासारखी तुटायला लागली, तेव्हा एका शनिवारी ती भिंग पुसून ठेवून उठली आणि परत गेली नाही. कुणी तिला जा म्हटलं नव्हतं, आणि थांब म्हणायचंही सगळ्यांच्या जिवावर आलं होतं.

त्याला आता दोन हिवाळे झाले होते. झेली घरच्या खिडकीशी बसायची. सकाळी तिच्या बाहीची बटणं न्यूमा लावायचा, कणीक तोच मळायचा, बटाटे तोच सोलायचा. पूर्वी बटाट्याची साल जाड निघाली तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. आता जे ताटात येईल ते ती खायची. ती भांडायची बंद झाली होती, आणि न्यूमाला हेच सगळ्यात जड जात होतं. बाई एकेक करून घरातले दिवे मालवत निघाली आहे, असं त्याला वाटायचं, आणि त्याची भीतीने गाळण उडायची.

एकोणीसशे बत्तीस सालच्या सप्टेंबरात बाझेलचा व्यापारी श्टुकी कारखान्यात आला. तोवर मंदीमुळे एकतीस माणसांतली सहा उरली होती. बाकीची गावकीच्या मदतीवर होती आणि त्या बदल्यात रस्ते खणत होती. श्टुकीला अर्जेंटिनातल्या पिठाच्या गिरण्यांसाठी आणि सिमेंटच्या कारखान्यांसाठी घड्याळं हवी होती. आत धूळ जाता कामा नये. पण तिकडच्या आडगावातल्या घड्याळजीकडे खास किल्ल्या नसतात, तेव्हा डबी नुसत्या हाताने सहज उघडली पाहिजे. म्हणजे नवरी गोरी हवी आणि काळीही हवी. फिरकीचं झाकण धूळ अडवतं, पण किल्लीशिवाय हलत नाही. दाबून बसवायचं झाकण हाताने उघडतं, पण सहा महिन्यांत आत पीठ.

मालक अर्नोल्द झोलिदों यांनी काम न्यूमाला दिलं. न्यूमाने टोपी हातात घेतली.

"मालक, माझं एक मागणं आहे. ही डबी झाली, तर झेलीला तिची खुर्ची परत द्या."

"झेलीला?" झोलिदोंनी त्याच्याकडे बघितलं. "अरे, तिच्या डोळ्यांसाठी मी आज गाडी पाठवीन. पण दिवसाला तीनशे डब्या उघडायच्या, न्यूमा. तिचे हात..."

"तिच्या हातांनी उघडेल अशीच करतो."

"मग खुर्ची तिचीच. शब्द देतो."

झोलिदों शब्दाचा पक्का माणूस होता. ह्या गोष्टीत वाईट माणूस कुणी नाही. असता तर निदान त्याला शिव्या तरी घालता आल्या असत्या.

न्यूमाने पाच महिने त्या डबीपायी जिवाचं रान केलं. झाकणाची आतली कड त्याने किंचित उतरती कातली, डबीच्या काठाला तशीच उतरती खाच घेतली, आणि खाचेत जर्मन सिल्व्हरचं पातळ, लवचीक कडं बसवलं. झाकण दाबलं की कडं पसरून त्याला धरायचं. ओठात नख घालून पिळलं की सोडायचं. सगळा खेळ त्या कड्याच्या ताठपणात होता. सैल राहिलं तर धूळ, ताठ झालं तर झाकण हलेना. सातआठ डब्या त्याने स्वतःच हातोड्याखाली घातल्या.

पत्र्याच्या पेटीत पीठ आणि तबेल्यातली गवताची भुकटी भरून त्यात एका वेळी बारा डब्या टाकायच्या, पेटी लेथच्या पट्ट्याला बांधून दिवसभर हलत ठेवायची, आणि संध्याकाळी काळ्या कागदावर एकेक डबी उघडायची, अशी त्याची परीक्षा होती. आमच्याकडच्या घोड्यांच्या गवताची भुकटी जिथे जात नाही, तिथे सिमेंटची काय टाप? फेब्रुवारीत अकरा डब्या स्वच्छ निघाल्या. बाराव्या डबीत एकच कण होता. न्यूमा त्या कणाकडे बराच वेळ बघत बसला. झेलीने हा कण पाहिला असता, एवढंच त्याच्या मनात आलं. त्याने कडं केसभर ताठ केलं. दुसऱ्या दिवशी बाराच्या बारा स्वच्छ.

आणि त्याच्या अंगठ्याला त्या केसभराचा फरक कळलाही नाही. लोण्यात सुरी जावी तसं झाकण सुटलं.

"उर्बां, बघ रे उघडून," त्याने शेजारच्या लेथवरच्या सोबत्याला हाक मारली.

उर्बांने एका हाताने उघडली. "अरे, ही तर माझी सासूसुद्धा उघडेल! आणि तिने गेल्या पाच वर्षांत दार उघडलेलं मी बघितलेलं नाही."

झोलिदोंनीही उघडून बघितली. त्यांनाही त्यांच्या बापाने चौदाव्या वर्षी लेथवर उभं केलं होतं. श्टुकीने बाझेलहून स्वतःचा घड्याळजी पाठवला, त्यानेही उघडली आणि मान डोलावली. त्या सगळ्यांत एकाचंही नख साधं नव्हतं, आणि हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माशाला पाणी कुठे दिसतं?

मग झेलीला का नाही विचारलं? तुम्ही आमच्या गावचे असता तर विचारलं नसतंत. तपासणीच्या माणसाला कच्चा माल दाखवायचा नाही, हा आमच्याकडचा रिवाज आहे. तिने वस्तू पहिल्यांदा बघावी ती पुरी झालेली, कोऱ्या डोळ्यांनी. झेली स्वतः ह्यात फार कडक होती. एकदा उर्बांने बिनपॉलिशची डबी "जरा नजर टाक ना" म्हणून पुढे केली, तर तिने ती कोळशाच्या बादलीत टाकली होती. न्यूमाने चाळीस वर्षं पाळलेला रिवाज ह्याही वेळी पाळला. शिवाय त्याला तिला अचानक चकित करायचं होतं. म्हाताऱ्या माणसाला अशी हौस यावी, ह्यात त्याचा काय गुन्हा?

श्टुकीने सहा हजारांची मागणी नोंदवली. नमुन्याची डबी लाखेची मोहोर लावून बाझेलला बंद झाली. प्रत्येक डबी त्या नमुन्याबरहुकूम उतरली पाहिजे, अशी अट होती. साचे कापून, तापवून पक्के झाले. रस्त्यावरच्या बर्फातून अकरा माणसांना परत बोलावणं गेलं. उर्बांच्या भावाने बोलावणं ऐकून फावडं तिथेच रोवलं आणि तो भर चौकात रडला.

पहिली शंभर घड्याळं तयार झाली त्या शुक्रवारी न्यूमा दुपारीच घरी आला. झेली खिडकीशी होती.

"सोमवारपासून कामावर यायचं," तो म्हणाला.

"कुणी?"

"तू. कुणी म्हणजे काय? तुझी खुर्ची मोकळी आहे. मालकांचा शब्द आहे."

"डोकं फिरलंय का तुझं? हे हात बघ."

"नवी डबी आहे. मी केलेली. तुझ्या हातांसाठीच केलीय, झेली. नुसतं बोट लावलं की उघडते."

झेलीने हात परत मांडीवर ठेवले. मग तिने विचारलं, "धूळ?"

"एक कण नाही."

"ते मी बघीन. तुझ्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवतं? त्या खुर्चीत बसल्या दिवसापासून तू मला 'एक कण नाही' हेच सांगत आलायस." आणि ती उठली, कपाट उघडायला गेली, तिथूनच ओरडली, "हा ॲप्रन असा बोळा करून कुणी ठेवला? तूच ना? बैल कुठला!"

न्यूमा चुलीपाशी उभा राहून शिव्या खात होता. दोन वर्षांत इतका सुखी तो झाला नव्हता.

सोमवारी ती दोघं बर्फातून चालत कारखान्यात गेली. परतलेली माणसं दारात उभी होती. कुणी टोपी काढली, कुणी तिच्या गालाला गाल लावला. खुर्चीजवळचं काचेचं तावदान कुणीतरी पुसून ठेवलं होतं. झेली बसली. डोळ्याला भिंग लावलं आणि ट्रेमधलं पहिलं घड्याळ उचललं. आधी तिने ते नुसतंच फिरवून पाहिलं.

"कड सुरेख आलीय," ती म्हणाली. न्यूमाचे कान लाल झाले.

तिने ओठात अंगठा घातला आणि पिळला. झाकण हललं नाही. तिने घड्याळ दुसऱ्या हातात घेतलं. डाव्या अंगठ्यानेही नाही. मग तिने ते छातीशी धरून दोन्ही अंगठे लावले. सांध्यांतली कळ तिच्या तोंडावर दिसत होती. नख उभं चिरलं. झाकणावर रक्ताचा एक थेंब आला, तो तिने ॲप्रनच्या टोकाने पुसला. तयार मालावर डाग नको.

लेथ सुरू करायला कुणाचा हात उठेना. न्यूमा पुढे झाला. "तसं नाही, जरा खालून. हे बघ," म्हणत त्याने घड्याळ घेतलं, आणि त्याच्या अंगठ्याखाली झाकण टच्‌कन उघडलं. त्या आवाजाबरोबर त्याला सगळं कळलं. पाच महिन्यांत एकदाही न कळलेलं एका क्षणात कळलं. आपण हातात काय घेऊन फिरतो आहोत ते त्याला दिसलं, आणि त्याला तो हात कुठे ठेवावा ते समजेना.

झेलीने उघडं घड्याळ त्याच्याकडून घेतलं, भिंगातून शांतपणे पाहिलं.

"एक कण नाही," ती म्हणाली.

उर्बां घाईघाईने म्हणाला, "झेली, मी उघडून देत जातो ना! तू नुसती बघ. माझा लेथ इथेच तर आहे."

"तीनशे वेळा लेथ सोडून उठशील? मग तुझं काम कोण करील, तुझी सासू?" कुणी हसलं नाही. तिने भिंग काढलं. "चाकूच्या पातीने उघडली तर ओठाला ओरखडा येईल, माल परत येईल. मला शिकवू नका. मालक, दुसरं कुणीतरी बघा. शेजारच्या ब्रलो गावात एक मुलगी आहे म्हणतात, डोळ्याने चांगली."

झोलिदोंनी तिच्यापुढचा ट्रे उचलून बाजूला ठेवला. शब्द त्यांनी पाळला होता. खुर्ची दिली होती.

न्यूमा तिला घरी पोचवायला निघाला. चर्च मागे पडलं. तिने चिरलेलं बोट रुमालात गुंडाळलं होतं.

"तुला अचानक चकित करायचं होतं," शेवटी तो म्हणाला. स्वतःच्याच कानाला ते पोरकट वाटलं.

"हे हात दोन वर्षं घरातच होते, न्यूमा. तुझ्यासमोर. एकदा पुढे करायची होतीस डबी."

"रिवाज..."

"हो. मीच कोळशात टाकली असती." ती थोडी थांबली, धाप लागली होती. मग त्याच्याकडे न बघता तिने विचारलं, "सैल नाही का करता येणार? थोडीशी? केसभर?"

सत्तावीस वर्षं ह्या धंद्यात घालवलेली बाई. लाख लावलेला नमुना म्हणजे काय, पक्का केलेला साचा म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. बर्फातून परतलेली अकरा माणसं तिने आत्ताच दारात पाहिली होती. तिने आयुष्यात कुणाकडे काही मागितलेलं न्यूमाला आठवत नव्हतं. आणि आज ती त्याच्याकडे मागत होती, तेही उत्तर ठाऊक असून.

"नाही," तो म्हणाला.

"बरं," झेली म्हणाली. "तू जा आता. लेथ बंद राहिलाय तुझा."

ती चढावरून एकटीच घराकडे निघाली. तो कोपऱ्यापर्यंत तिला बघत राहिला, मग वळला आणि कामावर गेला. अजून पाच हजार नऊशे डब्या व्हायच्या होत्या.