दुधाच्या पातेल्यात शिसं

काठ जिथे बाहेरच्या अंगाला वळतो त्या खाचेत तो करडा मणी बसला होता — मोहरीएवढा, जरा चपटा, आणि काही केल्या न निघणारा. करपलेली साय असेल म्हणून अंबिकाने आधी नखाने टोकरलं, मग घासणीने, मग सुरीच्या टोकाने. आणि टोक लागलं तसं ते अलगद आत रुतलं, मण्यावर एक चकचकीत ओरखडा उठला. ही चकाकी तिच्या ओळखीची होती. रोज आठ तास भिंगाखाली हीच चकाकी बघून संध्याकाळी डोळे चुरचुरतात... पण ते कंपनीत, आणि आज तर तिची सुट्टी. इथे, मुकुंदवाडीतल्या दोन खोल्यांत, दूध तापवायच्या पातेल्याला शिसं कसं लागेल?

कसं लागेल ते कळायला वेळ लागला नाही. खरं तर सगळं माहीतच होतं, फक्त ते आजवर पातेल्यापर्यंत येऊन पोचलं नव्हतं — मागच्या गॅलरीतला तो उग्र वास, जालना रोडवरच्या टायरवाल्याकडून सासऱ्यांनी पिशव्या भरभरून आणलेल्या त्या शिशाच्या पट्ट्या, चाकाचा तोल साधायला रिमला ठोकतात त्या. जुन्या झाल्या की टायरवाला फेकून देतो, आणि मल्हारराव त्या वितळवून जाळ्याच्या काठाला लावायची वजनं करतात. फेकजाळं पाण्यावर पसरून झपकन बुडायला हवं तर काठाला सगळीकडून वजन लागतं, हे आता घरातल्या पाच वर्षांच्या श्रेयालाही पाठ झालंय. म्हाताऱ्याचा नाद! जन्म वाळूजच्या एका गेटवर वॉचमनकीत गेला, आणि रिटायर झाल्यावर दर रविवारी पैठणच्या धरणावर. बापजाद्यांची मेंढरं सोडून मासळी वळायला निघाला म्हणून पिशोरची भावकी अजून त्यांची चेष्टा करते. करू दे. नाद कुणाला नसतो? पण माझं पातेलं?

“आत्या, ह्या पातेल्यात मामांनी शिसं वितळवलं का?”

सासूबाई, सारजाबाई, उंबऱ्यात बसून लसूण सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “त्यांच्या लोखंडी कढईला भोक पडलं ना. मग दिलं मी. आन् तसंच नाय ठिवलं, दर बारीला राखेनं चांगलं घासलंय.”

“दर बारीला? म्हंजे कवापासून?”

“आता काय सांगू... संक्रांतीच्या आधीपासून आसंल. घासलेलं भांडं हाय बाई, त्याला काय व्हतंय?”

घासलेलं भांडं. अंबिकाने पातेलं ओट्यावर ठेवलं — आपटलं नाही, ठेवलं, आणि आपण ते आपटलं नाही याचाच तिला इतका संताप आला की कानशिलं गरम झाली. बाहेर पार होळीचं ऊन पडायला लागलं होतं. म्हणजे संक्रांतीपासून आजवर रोज सकाळी आणि रोज रात्री याच पातेल्यात दूध तापलं, त्याच्यावर साय धरली, ती साय साखर घालून श्रेयाला वाटीतून दिली, आणि वर ‘चाटून पुसून खा’ म्हणून दटावलं. कोण दटावत होतं? मीच की.

कंपनीत साधा बिस्किटाचा पुडा लाइनवर नेता येत नाही. सोल्डरिंगच्या टेबलावरून उठलं की कोपरापर्यंत हात धुवायचे, मग डबा. अंगावरचा कोट तिथल्या कपाटात काढून ठेवायचा, घरी आणायचा नाही. वर्षातून एकदा रक्त द्यायचं. लाइनवरच्या सोनियाला दिवस गेले तशी दुसऱ्याच आठवड्यात तिला तिथून हलवून पॅकिंगला बसवलं, तेव्हा सगळ्या जणी म्हणाल्या होत्या, मजा आहे बुवा हिची. त्या धुराची एक रेघसुद्धा नाकात जाऊ नये म्हणून तिथे टेबलागणिक पंखा लावलेला, आणि इथे आपल्या घरात, आपण फर्स्ट शिफ्टला गेलो की हा माणूस गॅसवर पातेलंभर शिसं उकळतोय, आणि ही बाई त्याला राख लावून घासतेय, आणि वर विचारतेय काय व्हतंय!

काय होतंय ते तर दिसतच होतं. महिनाभर श्रेयाचं पोट दुखतंय. जेवायला बसली की दोन घास खाऊन उठते, शौचाला होत नाही, उगाच चिडते, परवा तर बालवाडीतल्या बाईंना चावली. डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. सारजाबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. आणि पोट दुखायचं काही थांबलं नाही... हे शिशामुळेच असेल असं कुठे आहे, असं तिने स्वतःला दोनदा सांगून पाहिलं. नसेलही. पण असलं तर?

तिने राम्याला फोन लावला. राग आला की मनात ती नवऱ्याला राम्याच म्हणायची. तो चिकलठाण्यात टेम्पोत माल भरत होता, मागे कुणीतरी हिंदीत ओरडत होतं.

“श्रेयाचं रक्त तपासावं लागंल,” ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

“तपासू की. त्यात काय. पण तू आत्ताच बाबांना काय म्हणू नको.”

“मी कधी काय म्हणते त्यांना?”

“तसं नाय गं... एवढा एकच नाद हाय त्यांना. मी बघतो संध्याकाळी.”

संध्याकाळी बघतो! याच्या संध्याकाळी काय घडतं ते ती नऊ वर्षं बघतेय. बापलेक पुढच्या ओट्यावर बसतात, कांद्याचा भाव, वैजापूरच्या मावशीचं गुडघ्याचं ऑपरेशन, पाण्याचा टँकर, सगळं बोलून होतं आणि जे बोलायचं ते सोडून दोघं जेवायला उठतात. त्याला तोंड आहे, तो वापरत नाही. आणि मला...

मला तर या घरात त्या माणसापुढे तोंडच नाही. कुणी मनाई केली म्हणून नव्हे. मनाई केली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. लग्न होऊन आले तेव्हा थोरल्या जावेला बघितलं, ती सासऱ्यांशी बोलायची नाही, म्हणून मीही बोलले नाही, आणि मग तीच रीत पडून गेली. सासऱ्यांना मामा म्हणायचं, पण त्यांच्या माघारी. समोर असले की पदर डोक्यावर आणि शब्द भिंतीला. जेवण वाढलं की दाराची कडी वाजवायची. पोरगी बोलायला लागली तशी कडी सुटली, मग ‘आजोबांना म्हणावं, चहा झाला’, ‘आजोबांना विचार, गोळी घेतली का’ — आणि आजोबा दोन हातांवर बसलेले असून पोरीकडे बघून सांगणार, ‘आईला म्हणावं, घेतली.’ शेजारची चतुराबाई याला मानमर्यादा म्हणते. असेल. कंपनीत मॅनेजरला तोंडावर सांगते मी, साहेब, हा पीस रिजेक्ट आहे, माझी सही मिळणार नाही. त्याच तोंडाने घरी येते आणि कडी वाजवते.

आणि सगळ्यात वाईट हे की माणूस वाईट नाही. वाईट असता तर किती बरं झालं असतं! ती नोकरीला लागली तेव्हा सारजाबाईंनी घर डोक्यावर घेतलं होतं, आणि मामा बाहेरून, चपला काढता काढता म्हणाले होते, ‘जाऊ दे तिला. मी गेटवर बघतो, लई बाया येत्यात कामाला, कुणाचं काय बिघडलं?’ दाराआड उभी राहून तिने ते ऐकलं, डोळे भरून आले, आणि त्याबद्दल एक शब्दसुद्धा ती त्यांना कधी म्हणू शकली नाही. घरात शिरताना ते अजून खाकरतात. तिच्या बाळंतपणात पावसाळाभर ओट्यावर झोपले. अशा माणसावर रागवायचं तरी कसं... पण राग होता, आणि त्यांच्या चांगुलपणाची एकेक आठवण निघाली की तो कमी व्हायच्या ऐवजी जास्तच भडकत होता. चांगले आहात तर मग विचारलं का नाही? एकदा, एकदाच, पोरीकरवी तरी, ‘आईला विचार, हे पातेलं घेऊ का?’

तिने पातेलं जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि मागे धुणं वाळत घालायला गेली. कपडे पिळताना हात इतके जोरात चालले की रामच्या शर्टाची शिवण उसवली. उसवू दे.

ती परत आली तेव्हा मल्हारराव पुढच्या ओट्यावर जाळं मांडीवर घेऊन बसले होते. बालवाडीतून आलेली श्रेया त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती, आणि तिचा एक गाल फुगलेला होता. लिमलेटची गोळी दिलेली दिसतेय, अंबिकाच्या मनात आलं, जेवायच्या आधी गोळी... तेवढ्यात आजोबांनी न बघता हात पुढे केला, श्रेयाने दोन बोटं तोंडात घातली आणि ओली, चकचकीत वस्तू काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. शिशाचा मणी. त्यांनी तो जाळ्याच्या दोरीवर चढवला, पक्कडीने दाबला. त्यांचाही गाल फुगलेला होता. शिंपी ओठांत टाचण्या धरतो तसं. दोन्ही हात दोरीला गुंतलेले, तर मणी ठेवायचे कुठे? तोंडात. अशी साधी सोय. आणि नात आजोबांचं बघून शिकली, आणि आजोबांना त्याचं कौतुक.

पुढचं तिला नीट कळलं नाही. पोरगी तिच्या हातात होती, तिचं बोट पोरीच्या तोंडात होतं, एक मणी निघाला, अजून एक दाढेमागून निघाला, मग पाठीत एक धपाटा बसला, तो आपणच घातला हे श्रेयाने भोकाड पसरल्यावर तिच्या ध्यानात आलं.

“आगं मारायलीस काय लेकराला!” सारजाबाई आतून धावत आल्या. “डोकं फिरलं काय तुझं?”

मल्हाररावांनी हात वर केला होता, थांब म्हणाल्यासारखा. तोंड भरलेलं, त्यामुळे नुसतं हूं-हूं. त्या हूं-हूंकडे अंबिका बघत राहिली. नऊ वर्षांत तिने त्यांचा चेहरा इतका सरळ कधी बघितला नव्हता. डाव्या भुवईत एक पांढरा केस लांब वाढलेला होता.

“मामा,” ती म्हणाली.

आवाज तिचाच होता, कंपनीतला. सारजाबाईंचा हात तोंडावर गेला.

“मामा, हे शिसं विष हाय. तुम्ही माझ्या दुधाच्या पातेल्यात ते वितळवलं, आन् आता माझ्या पोरीच्या तोंडात दिलं. तिचं पोट का दुखतंय, विचारलं का कधी कुणाला? उद्या तिचं रक्त तपासायला नेणार हाय मी. आन् हे ह्या घरात पुन्यांदा वितळायचं नाय. गॅसवर नाय, गॅलरीत नाय. कुठंच नाय.”

ते तिच्याकडे बघत होते की तिच्या खांद्यावरून पलीकडे, सांगणं कठीण होतं. मग त्यांनी मान खाली घातली आणि तळहातावर एकेक मणी थुंकला. कितीतरी वेळ ते मणी येत राहिले. तोंड मोकळं झालं तसं त्यांनी धोतराच्या सोग्याने ओठ पुसले, आणि रडणाऱ्या नातीकडे वळून, शांतपणे, नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “तुझ्या आईला म्हणावं, आमी कवापासून तोंडातच धरतो. आमाला काय झालं?”

श्रेया हुंदके देत आईकडे बघायला लागली. निरोप सांगायचा की नाही, तिला कळेना.

बोलून टाकलं की राग उतरेल असं इतका वेळ अंबिकाला वाटत होतं. तो उतरला नव्हता. पण सकाळपासून तो जिकडेतिकडे भटकत होता — सारजाबाईंवर, राम्यावर, धुण्यावर, स्वतःवर — तो आता एका जागी येऊन उभा राहिला होता, आणि त्याच्यासोबत भीती नव्हती. पदर केव्हा तरी खांद्यावर घसरला होता. तो डोक्यावर घ्यायला हात उचलला गेला, सवयीने, आणि तिने तो अर्ध्यातून खाली घेतला.

“तिला नका सांगू,” ती म्हणाली. “माझ्याकडं बघून सांगा.”

मल्हाररावांनी जाळ्याची दोरी चाचपली, सोडली, पुन्हा धरली. सारजाबाई काहीतरी पुटपुटल्या. समोरून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. अंबिका ओट्याच्या कडेला उभी राहिली, लेकीला कडेवर घेऊन, आणि तिने मनाशी ठरवून टाकलं — दिवेलागण होऊ दे, राम येऊ दे, गल्ली जमा होऊ दे, मामा माझ्याकडे तोंड करून बोलेपर्यंत मी इथून हलत नाही.