चार भिंतींतलं रडणं

सकाळपासून सिबिलचा नवरा ह्यू तिला एकच गोष्ट बजावत होता. घोड्यावर बसताना बजावली, ओढा ओलांडताना बजावली, आणि वेनब्रुकच्या चर्चचा मनोरा दिसू लागल्यावर पुन्हा.

"तुला कोणी काही विचारणार नाही. बायकांची साक्ष या कामात धरत नाहीत. तू मान खाली घालून बस. बाकीचं मी बघतो."

"बरं," सिबिल म्हणाली.

"नुसतं बरं नको. शब्द दे."

तिने शब्द दिला नाही. थंडीने ओठ बधिर झाले होते, तेवढं निमित्त पुरलं.

वेनब्रुक म्हणजे तिचं माहेर. पणजोबांनी वेल्सच्या सरहद्दीवर राजासाठी लढून मिळवलेली जहागीर. वडिलांना मुलगा नव्हता. त्यांनी हयातीतच वाटणी केली. ओढ्यापलीकडचं लहान गाव लग्नात सिबिलला दिलं आणि वेनब्रुक, गिरणी, टेकडीवरचं ओकचं रान थोरल्या मेलिसेंटसाठी राखलं. आता मेलिसेंट बाळंतपणात गेली होती. तिचं बाळही गेलं होतं. जमीन धाकट्या बहिणीकडे यायची. पण मध्ये जुना रिवाज आडवा होता. मूल जिवंत जन्मलं असेल, चार भिंतींच्या आत त्याचं रडणं ऐकू आलं असेल, तर ते पुढे जगो न जगो, बाप मरेपर्यंत बायकोच्या जमिनीचा धनी. रडणं ऐकूच आलं नसेल, तर त्याने गाशा गुंडाळायचा.

आणि मेलिसेंटचा नवरा वॉरिन जेमतेम तिशीचा, बैलासारखा दणकट. बायको कळा देत होती तेव्हा तो ससाणे घेऊन शिकारीला गेला होता. निरोप पोचल्यावरही शिकार पुरी करूनच परतला.

बाळंतिणीच्या खोलीत दोघीच होत्या, सिबिल आणि म्हातारी सुईण. सुईण नाताळानंतरच्या तापात वारली. उरली सिबिल. तिने काय ऐकलं ते एकट्या ह्यूला ठाऊक होतं. बहिणीला पुरून घरी आली त्या दिवशी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून तिने सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "हे आता पुन्हा कोणाजवळ बोलू नकोस."

चर्चमध्ये राजाचा अधिकारी मेजामागे बसला होता. भिंतीला लागून आसपासच्या गावांतले बारा पंच उभे होते. वॉरिनने आपली दोन माणसं पुढे केली. दोघांनी शपथेवर सांगितलं, आम्ही खालच्या दिवाणखान्यात होतो, वरून बाळाचं रडणं ऐकलं.

"दोघंही याच्याच ताटात जेवतात," ह्यू म्हणाला. "आणि त्या दिवशी काय पीत होते ते विचारा. मांजर ओरडलं तरी यांना वारस जन्मल्यासारखा वाटला असेल."

पंचांमधले काहीजण हसले. वॉरिनच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. "तोंड सांभाळ, ह्यू."

"मी सांभाळतोच. मूल मेलेलंच जन्मलं. ते रडणार कुठून?"

पंचांचा म्होरक्या ऍडम गिरणीवाला दाढी खाजवत बाजूच्याशी कुजबुजला. पारडं आपल्याकडे झुकतंय हे सिबिलला दिसत होतं. फक्त गप्प राहायचं होतं. टेकडीवरचं रान, वडिलांची बसायची खिडकी, सगळं संध्याकाळपर्यंत आपलं. ताईला एकटं टाकून शिकारीला गेलेल्या माणसाच्या हातून सुटलेलं. यात पाप ते काय?

तेवढ्यात चर्चचे म्हातारे धर्मगुरू फादर ऑस्मंड बाकाला धरून उठले.

"मेलेलं जन्मलं म्हणता? मग त्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, आणि तशा मुलाला चर्चच्या आवारात जागा नाही. तो झालाय असं समजून मी त्याला आईच्या कुशीत, पवित्र जमिनीत पुरलंय. तसं असेल तर मला ते उकरून कुंपणाबाहेर टाकावं लागेल."

ह्यूने क्षणभर सिबिलकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"नियमच आहे तर काढा," तो म्हणाला.

सिबिल कधी उभी राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही.

"त्याला हात लावायचा नाही कोणी. तो रडला होता."

"सिबिल, खाली बस," ह्यू दातांवर दात दाबून म्हणाला.

"बाई, तुमची साक्ष मला लिहिता येणार नाही," अधिकारी म्हणाला.

"लिहू नका. नुसतं ऐका. एकदाच रडला, बारीक आवाजात. तो टिकत नाही म्हणून सुईणीने पाणी दिलं आणि मी स्वतः त्याच्या डोक्यावर ओतलं. बापाच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. माझ्या वडिलांचं नाव ठेवलं, ब्रायन. ताईने ते नाव ऐकलं, मग डोळे मिटले."

बाकाची कड धरून ती तशीच उभी राहिली.

"हिला खोटं बोलून मिळणार काय?" ऍडम इतरांना म्हणाला. "उलट जाणारच." मग अधिकाऱ्याकडे वळून म्हणाला, "साक्ष लिहू नका, साहेब. आम्ही पंच आहोत, आम्हाला जे माहीत तेच आम्ही सांगतो. आता आम्हाला माहीत आहे."

बाहेर पडताना वॉरिन दारात आडवा आला. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. उपकार झाले."

"तुमच्यावर नाहीत, भावोजी. वाट सोडा."

परतीच्या वाटेवर ह्यूने ओढ्याशी घोडा थांबवून, तिच्याकडे न बघताच विचारलं, "उद्या आपल्या पोराने विचारलं, वेनब्रुक का गेलं, तर काय सांगू त्याला?"

"सांगा, तुला एक मावसभाऊ होता."

त्याने घोड्याला टाच मारली. त्या रात्री तो वेगळ्या खोलीत झोपला, आणि ईस्टरपर्यंत तिथेच झोपत राहिला.

वॉरिन पुढे पुष्कळ जगला. टेकडीवरचे ओक त्याने तोडून विकले, दुसरं लग्न केलं, गिरणीचा बांध फुटला तो तसाच राहू दिला. सिबिल दर वर्षी फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाला वेनब्रुकच्या चर्चला, ताईच्या आणि बाळाच्या कबरीशी जाई. पहिली काही वर्षं एकटीच गेली. मग एका वर्षी ती निघाली, तेव्हा ह्यू अंगणात दोन घोड्यांवर खोगीर चढवून उभा होता.

"वाट घसरडी आहे," तो म्हणाला.