चोलेच्या दोन पिना

माझी लेक नेरेइदा सात महिन्यांची पोटुशी. सहावीच्या पोरांना ग्रहण दाखवायचं म्हणून वर्षभर उड्या मारत होती, त्यातून सूर्य बघायला खोक्यांना भोकं पाडून घरभर कचरा केला होता. मी म्हटलं, "जा बाई, पण लाल चड्डीला पिन टोचून जा." आमच्या दुरांगोत पोटुशी बाई ग्रहणात पिनेशिवाय राहत नाही.

"आई, मी विज्ञान शिकवते," ती हसली. जळलं मेलं ते विज्ञान. रागाच्या भरात मी गावाच्या फेसबुक गटावर लिहून टाकलं, 'एक्क्याण्णवच्या ग्रहणात माझी पोटुशी बहीण चोले पिनेशिवाय उंडारली, तिचा पोरगा तेओफिलो फाटक्या ओठाचा झाला.'

दोन दिवस गटात नुसता गदारोळ. एक म्हणे पिन किरणं अडवते, दुसरी म्हणे ओढून घेते. एका मास्तराने आकृत्या काढून दोन्ही खोटं म्हटलं, तर सगळ्यांनी त्यालाच धुतलं. वाचून वाचून माझं डोकं भंजाळलं. पिन डब्यातून काढायची, परत ठेवायची.

ग्रहणाच्या सकाळी नेरेइदा शाळेत गेलीच नाही. खिडकीला घोंगडी ठोकत होती. मला बघून तिने मोबाईल पुढे केला.

"हे वाच आई. डॉक्टरांनी तपासलंय. दुरांगोची बाई, एक्क्याण्णव साल, फाटका ओठ. अशा चाळीस जणी सापडल्यात."

खाली शब्द होते, 'पिनेशिवाय उंडारली'. माझेच. गटावरून फिरून आलेले. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, चाळीस जणी म्हणजे माझं खरंच असणार.

चोलेला फोन लावला.

"एदुविहेस, डोकं फिरलंय का तुझं? दोन पिना होत्या. तूच टोचल्यास, त्यातली एक माझ्या कातडीत."

मी नेरेइदापुढे बसून सगळं कबूल केलं. "तो डॉक्टर म्हणजे मीच गं. तुझी शपथ."

तिने पोटावर हात ठेवला. "म्हणजे दोन पिना लावूनही झालं?"

"तसं नव्हे गं," म्हटलं, आणि पिनेचा डबा तिच्यापासून दूर सरकवला.

ऐन दुपारी अंधारून आलं. कोंबड्या गप्प झाल्या. शाळेच्या पटांगणातून तिच्या पोरांचा ओरडा ऐकू आला, आणि ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. चार मिनिटांचा तर खेळ. घोंगडीचा कोपरा उचलून तिला दाखवावं म्हणून मी उठले, खिडकीपाशी गेले, आणि माझाच हात धजेना.