सोमवार की मंगळवार?

मित्रांनो, मी एक जुना टॅब आहे. काचेच्या कोपऱ्यात तडा, बॅटरी जेमतेम दुपारपर्यंत पुरणारी. बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यातल्या एका शाळेत मी नववीच्या पहिल्या बाकावर असतो.

आधी मी ऑफिसच्या कपाटात पडून होतो. मग एक दिवस मला नववीतल्या रंजितासमोर ठेवले. तापाच्या आजारानंतर तिला ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. सरांच्या शर्टाला माइक लावायचा आणि ते बोलतील ते माझ्या काचेवर अक्षरांत उमटायचे, असे माझे नवे काम.

शाळेने आधी एक सेवा महिनाभर वापरून पाहायला घेतली. त्यात बोलणे ऐकून यंत्रच लिहायचे. ते फार चपळ होते, पण मी पहिल्याच दिवशी गोंधळलो. वर्गशिक्षक शालिग्राम सर अर्धे वाक्य मराठीत बोलत, अर्धे हिंदीत. ते 'केळीचे घड' म्हणाले की माझ्यावर 'खेळाचे घर' उमटे. रंजिता कपाळाला आठ्या घालून वाचायची. बरोबर काय नि चूक काय, मला तरी कुठे कळत होते?

एका शनिवारी सर म्हणाले, "गणिताची चाचणी मंगळवारी नाही, सोमवारी आहे." माझ्यावर उमटले, 'गणिताची चाचणी मंगळवारी आहे.'

सोमवारी रंजिताने कोरा पेपर दिला.

"मी तर सोमवार बोललो होतो," सर म्हणाले. तिने जपून ठेवलेला मजकूर माझ्यावर उघडून त्यांना दाखवला. सरांनी तो दोनदा वाचला. अक्षरे सुबक होती, कुठे खाडाखोड नव्हती. मी खोटे बोललो होतो का? अजूनही मला ते उमगलेले नाही.

मग दुसरी सेवा आली. तिच्यात दूरच्या गावी बसून पूर्णिमा नावाची बाई ऐकायची आणि टाइप करायची. अक्षरे उशिरा येत. मधूनच ती लिहायची, 'नीट ऐकू आले नाही.'

तिचाही महिना संपल्यावर मुख्याध्यापिका कविता मॅडमच्या खोलीत बैठक बसली. सर म्हणाले, "पहिली सेवा फास्ट आहे. ही तर मागेच राहते." मॅडमना काही ठरवता येईना.

रंजिताचे वडील भाईदास खकनार गावाहून आले होते. ते हळूच म्हणाले, "मॅडम, वाचनं तिले हाय. तिलेच विचारा ना."

मॅडमनी प्रश्न कागदावर लिहून रंजितापुढे सरकवला. ती म्हणाली, "पूर्णिमाताई पाहिजे. तिला कळलं नाही तर ती तसं सांगते. मग मी सरांना विचारू शकते."

दुसऱ्या दिवशी तासाला माझ्यावर उमटले, 'नीट ऐकू आले नाही.' रंजिताने हात वर केला. सरांनी ते वाक्य पुन्हा, सावकाश सांगितले. तेव्हा मागच्या तीन बाकांवरच्या मुलांनीही खाली वाकून ते वहीत लिहून घेतले. त्यांनाही ते ऐकू आले नव्हते.

मित्रांनो, कुणासाठी काही निवडाल तेव्हा आधी त्यालाच विचारा. आणि कळले नाही, तर तसे सांगा.