एका बांबूत बारा सण

तेल्याच्या चाळीत पंचांग एकच होतं आणि तेही कुणी उघडत नसे. सण जवळ आला की बायका सरळ सुंदराबाईच्या दारात येऊन उभ्या राहत. पंचांग नुसतं सण कधी आहे ते सांगायचं. तो पदरचं काही न जाता कसा पार पाडायचा, ते सुंदराबाई सांगायची.

होळीच्या आधी लालबागची पोरं दिसेल ते लाकूड पळवत. दुसऱ्या चाळींतून पोळपाटापासून पाळण्यापर्यंत काहीही नाहीसं व्हायचं. सुंदराबाईचा उपाय असा, की एक मोडकी खुर्ची दाराबाहेर ठेवायची आणि पोरं ऐकतील अशा बेताने काळजीत पडायचं. "खुर्चीकडे लक्ष ठेवा हो, माहेरची आहे." खुर्ची जायची, पाट वाचायचे. दिवाळीचं उरलेलं उटणं ती टाकत नसे. चैत्रातल्या पाडव्याला त्यानेच तांब्या घासायची. तांब्या लखलखायचा आणि वर वासही यायचा. दसऱ्याला आलेली आपट्याची पानं दारामागे राहायची, आणि जो उशिरा येई त्याला त्यातलंच सोनं मिळे. नागपंचमीला पाटावर गंधाने काढलेला नाग ती पुसत नसे. पोळ्याला त्यालाच चार पाय आणि दोन शिंगं काढली की झाला बैल. बैल अंमळ लांब व्हायचा खरा. पण तक्रार करायची तर बैलाने, आणि त्याने कधी केली नाही.

या सगळ्याच्या वर होता तो बांबू.

तिचा नवरा कोंडीराम गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होता. त्याने एकदा रे रोडच्या वखारीतून एक बांबू आणला, सरळसोट, पिवळाधमक, माणसापेक्षा चांगला उंच. चैत्रात त्याची गुढी झाली. पावसात त्याच्यावर लुगडी वाळली, गणपतीत तो पडद्याला लागला, दिवाळीत त्याला कंदील टांगला. वर्ष संपलं आणि बांबू पुन्हा चैत्रात हजर. सुंदराबाईने चाळभर सांगितलं, "घरात बांबू एकच ठेवा. दुसरा असला की पहिला आळशी होतो."

"मग बाकीच्यांचं काय करू?" शेजारच्या गंगुबाईने विचारलं.

"बंबात घाल."

गंगुबाईने घातले. चाळीने घातले. त्या आठवड्यात तेल्याच्या चाळीत सगळ्यांच्या आंघोळी कढत पाण्याने झाल्या.

पुढे संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले आणि बांबूला पंचांगात नसलेलं एक काम लागलं. मोर्चा निघाला की कोंडीराम त्याला झेंडा लावून न्यायचा. सुंदराबाईची हरकत नव्हती. मुंबई महाराष्ट्राला मिळाली पाहिजे हे तिलाही मान्य होतं. फक्त झेंडा नाडीने बांधायचा, खिळा ठोकायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं. खिळ्याने पाडव्याला खणाला भोक पडतं.

त्या वर्षी मात्र पाडवा साधा नव्हता. थोरल्या रामदासचं नुकतंच लग्न झालं होतं आणि सून आली होती गिरगावची, कौसल्या. पोर गुणाची. पण तिच्या आईकडे, कमळाबाईंकडे, प्रत्येक सणाची वेगळी ट्रंक होती. ट्रंकेवर सणाचं नाव रंगवलेलं. लग्नाच्या पंगतीत त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात म्हणाल्या होत्या, "गिरणगावात सण कळतात तरी का हो? की तेही भोंग्यावर?"

सुंदराबाईने जिलबीचा घास तसाच ठेवला आणि म्हणाली, "पाडव्याला जेवायला या. बघा कळतात का."

तेव्हापासून ती पाडव्याची वाट बघत होती. खण बाहेर काढून उन्हात ठेवला होता, तांब्याला उटणं लागलं होतं, चक्का टांगला होता. विहीणबाईंनी दारातली गुढी बघून वर मान करायची आणि ती मान तशीच राहायची, एवढंच तिला हवं होतं.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी कोंडीराम मोर्च्याहून आला. खांद्यावर झेंडा टॉवेलसारखा टाकलेला. हात मोकळे.

"बांबू कुठाय?"

"झेंडा आणलाय."

"मी झेंडा विचारला?"

"अगो, काठ्या न्यायला बंदी होती. पोलिसांनी वाटेतच अडवलं. म्हणाले, झेंडे घेऊन जा, काठ्या ठेवा. सगळ्यांच्या चौकीत जमा झाल्या."

"सगळ्यांच्या म्हणजे?"

कोंडीरामने गॅलरीकडे हात केला. चाळीतले सगळे पुरुष खांद्यावर टॉवेलसारखे झेंडे टाकून आपापल्या दारात उभे होते आणि आतून सगळ्यांना एकच प्रश्न येत होता.

सुंदराबाईच्या लक्षात आलं, की मागून आणावा असा बांबू चाळीत उरलेला नाही. दुसरा बांबू कुणाकडेच नव्हता. तिनेच तसं सांगितलं होतं. नाक्यावरचा बांबूवाला माल संपवून गावाला निघून गेला होता.

"झाडूला खण बांधून बघूया का?" कोंडीरामने सुचवलं.

त्या रात्री त्याला आमटी सुनेने वाढली.

सकाळी सूर्य वर येतो न येतो तोच सुंदराबाई चौकीच्या पायरीवर होती. हातात टोपली. टोपलीत खण, तांब्या, कडुनिंबाचा डहाळा, साखरेची गाठी, हळदकुंकू. मागे कोंडीराम, चौकी आपण कधी पाहिलीच नाही असा चेहरा करून.

चौकीत हवालदार बुधाजी एकटाच होता. बाकीचे बंदोबस्ताला गेले होते. कोपऱ्यात बांबूंचा ढीग.

"आमचा बांबू द्या," सुंदराबाई म्हणाली.

"तो बांबू नाही, वहिनी. मुद्देमाल आहे. हत्यार."

"हत्यार काय म्हणता? गुढी आहे ती!"

बुधाजीने ढिगाकडे नीट पाहिलं. "मला तर काठी दिसते."

"खण बांधल्याशिवाय काठीच दिसणार. तुम्ही तरी टोपीशिवाय हवालदार दिसता का?"

बुधाजीने नकळत टोपी चाचपली. माणूस कोकणातला, मनाने मऊ, पण कायद्याला घाबरून असायचा. थोडा विचार करून तो म्हणाला, "असं करा. ही गुढीच आहे याची ओळख पटवा. पटली की घेऊन जा. साहेबांनी विचारलं तर मला सांगता येईल."

सुंदराबाईने ढिगातून आपला बांबू बरोबर ओढला. वरच्या टोकाला खण चुण्या घालून बांधला, डहाळा लावला, गाठी अडकवली, वर तांब्या उपडा घातला. बांबू डुलायला लागला म्हणून बुधाजीने धरला. धरून हात अवघडला म्हणून चौकीच्या कठड्याला बांधला. बांधताना तो पाटावर हवा म्हणून बुधाजीचंच स्टूल खाली सरकवलं. आणि मग तिचे हात थांबेनात. इतक्या वर्षांची सवय. हळद लागली, कुंकू लागलं, उदबत्ती पेटली, गूळ-कडुनिंब पुढे आला. सुंदराबाईने डोळे मिटून हात जोडले. कोंडीरामने जोडले. बुधाजीने टोपी काढून जोडले.

"पटली ओळख," तो तोंडातला कडुनिंब गिळत म्हणाला. "न्या आता."

सुंदराबाईने डोळे उघडले, वर पाहिलं, आणि मटकन पायरीवर बसली.

"कशी नेणार? पूजा झाली की हो! उभारलेली गुढी संध्याकाळ व्हायच्या आत उतरवतात का कुठे?"

बुधाजीचा चेहरा पडला. "अहो, ही चौकी आहे! साहेब येतील!"

"मग उतरवा तुम्ही."

"मी? वर्षाच्या पहिल्या दिवशी? माझ्या पोरीचं लग्न ठरतंय!"

"मी उतरवू?" कोंडीराम म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. तिथे उभं राहून त्याने एक काम मात्र केलं. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारल्यावर त्याला सांगितलं, की चौकीत गुढीची ओळख पटवली की बांबू मिळतो.

गंगुबाई पहिली आली. तिच्यामागे अख्खी चाळ, हातात टोपल्या घेऊन. बुधाजी दोन्ही हात वर करून "एकेकीने या, एकेकीने" म्हणत राहिला आणि त्या एकेकीनेच आल्या. उन्हं चढली तेव्हा चौकीच्या कठड्याला ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गुढ्या लागल्या होत्या. हिरवे, लाल, जांभळे खण वाऱ्यावर उडत होते. एका गुढीला खण नव्हता म्हणून घरधन्याचा पंचा होता. आत कोठडीत बसलेल्या खिसेकापूने गजांतून हात बाहेर काढून प्रसाद मागितला आणि कडुनिंब आहे कळल्यावर परत आत घेतला.

सुंदराबाईला यातलं काही दिसत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे फक्त आपलं रिकामं दार होतं, आणि दारापुढे कमळाबाई.

त्या आल्याच. दारात गुढी नाही, घरात विहीणबाई नाहीत. कौसल्या तेवढी श्रीखंडाच्या पातेल्यापाशी बसलेली. लेकीने चार वाक्यांत सांगून टाकलं आणि आईला, नैवेद्याच्या ताटांना आणि पातेल्याला घेऊन ती चौकीवर आली. नैवेद्य गुढीपुढेच दाखवायचा. गुढी चौकीत तर नैवेद्य चौकीत, त्याला कोण काय करणार?

"अगं बाई, विहीणबाई!" कमळाबाईंनी नाकाला पदर लावला. "तुमच्याकडे पाडवा इथे करतात?"

सुंदराबाईने पायरीवरून उठून पदर सावरला. "बसा ना," एवढंच ती म्हणाली.

बसायला एकच बाक होतं. पकडून आणलेल्यांना बसवायचं. कमळाबाई त्याच्या अगदी कडेवर टेकल्या आणि कौसल्याने त्यांच्या हातात ताट दिलं. पहिली पुरी तोंडात जातेय तोच बाहेर जीप थांबली.

साहेब उतरले. त्यांनी गुढ्यांची रांग पाहिली. रस्त्यावर जमलेली गर्दी पाहिली. गुढ्या उतरवल्या तर ही गर्दी काय करील याचा हिशेब त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसला. मग त्यांनी हळूच टोपी काढली, वर पाहून नमस्कार केला आणि विषय बदलण्यासाठी बाकाकडे बोट दाखवलं.

"या बाईंना कशात आणलंय?"

बुधाजीने बाकाकडे पाहिलं, मग गुढ्यांकडे. गुढी म्हणावं तर गुन्हा नाही, विहीण म्हणावं तर कलम नाही. "साहेब... त्या... संयुक्त महाराष्ट्र," तो म्हणाला.

ते रस्त्यावर ऐकू गेलं. कोंडीरामने पलीकडून आरोळी ठोकली, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

"झालाच पाहिजे!" अख्खी चाळ ओरडली.

"कमळाबाईंचा..."

"विजय असो!"

कमळाबाईंचा घास हातातच राहिला. एवढ्या वर्षांत गिरगावात कुणी त्यांचा विजय असो म्हटलं नव्हतं. ट्रंका सगळ्यांनी पाहिल्या होत्या, त्यांच्या नावाने आरोळी कुणी दिली नव्हती.

"काहीतरी गैरसमज झालाय, बाई," साहेब नरमाईने म्हणाले. "तुम्ही जाऊ शकता."

"मी नाही जायची," कमळाबाई म्हणाल्या.

"आई!" कौसल्या म्हणाली.

"तू गप्प बस गं. पाडव्याला मांडलेलं असं मधेच उठवतात का? सूर्य मावळेपर्यंत मी इथे बसणार." त्यांनी पाय वर घेऊन नीट मांडी घातली आणि ताट पुढे केलं. "विहीणबाई, श्रीखंड वाढा. साहेबांनाही वाढा."

साहेबांनी उभ्याउभ्या दोन वाट्या खाल्ल्या, चव चांगली आहे म्हणाले, आणि बुधाजीकडे न बघता जीपमध्ये बसले. जाताजाता म्हणाले, "हवालदार, झेंडे नाहीत ना? मग मला काही दिसलं नाही."

दुपारभर कमळाबाई बाकावर बसून होत्या. लोक येऊन नमस्कार करून जात. एक म्हातारी पाया पडली. गंगुबाईने त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, मग दुसरीने लावलं, मग तिसरीने, आणि संध्याकाळपर्यंत कपाळावर जागा उरली नाही. सुंदराबाई शेजारी बसून पंख्याने वारा घालत होती आणि समोरची बाई खरंच आपली विहीण आहे का, हे अधूनमधून वाकून बघत होती.

सूर्य गिरणीच्या चिमणीमागे गेला. गुढ्यांवर अक्षता पडल्या, खण उतरले, तांबे टोपल्यांत गेले. बुधाजीने एकेक बांबू ज्याचा त्याच्या हातात दिला, आणि प्रत्येकाला खालच्या आवाजात सांगितलं, "पुढच्या मोर्च्याला झेंडा हातात धरा हो, वहिनीला त्रास नको."

घरी चालत जाताना कोंडीराम बांबू घेऊन पुढे होता. कौसल्या पातेलं घेऊन मागे. कमळाबाई कपाळावरचं कुंकू न पुसता चालत होत्या. सुंदराबाई मनात मोजत होती. आता गिरगावात जाऊन ही काय सांगेल, कुणाकुणाला सांगेल, कौसल्याला तिकडे किती ऐकून घ्यावं लागेल.

चाळीच्या जिन्यापाशी कमळाबाई थांबल्या. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि सुंदराबाईचा हात धरला.

"विहीणबाई, एक विचारू? दिवाळीला तुम्ही कुठे असता?"

सुंदराबाईने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग तिची मान आपोआप ताठ झाली.

"अजून ठरलं नाही हो," ती म्हणाली. "मोर्चा कुठे निघतो त्याच्यावर आहे. पण तुम्ही आदल्या दिवशी राहायलाच या. बाक लवकर भरतं."