पत आहे, पत्ता नाही

भावाबहिणीने मिळून जे जाळं उभं केलं होतं, त्याचं वर्णन दादा एका वाक्यात करायचा, "आमच्याकडे माणसाला पत आहे, पत्ता नाही." ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठ्या पडल्या की धाकटी समजावून सांगे. तुम्ही तुमची फाईल जाळ्यात टाकायची. तिचे तुकडे होतात, प्रत्येकाला कुलूप लागतं आणि ते कुठल्या कुठल्या अनोळखी लोकांच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसतात. बदल्यात तुम्ही त्यांचे तुकडे सांभाळायचे. कोण कुणाचं सांभाळतंय हे कुणालाच कळत नाही, तुकड्याच्या मालकाची पत तेवढी दिसते. जाळं अधूनमधून हाक मारतं, तुकडा आहे का? ओ दिली की पत वाढते, नाही दिली की उतरते. पार शून्यावर गेली की तुमचे तुकडे ठेवायला कुणी बांधील नाही. जागेसाठी टपलेले कॉम्प्युटर ते पुसून मोकळे होतात.

या शेवटच्या नियमावरून दोघांची चांगलीच जुंपली होती.

"अगं, माणूस आजारी पडतो, घरात काही बरंवाईट होतं," दादा म्हणाला होता. "थोडी सवड ठेव की."

"सवड ठेवली की लबाड आधी येऊन बसतील. खरा आजारी कोण आणि सोंग करणारा कोण, हे यंत्राला कुठून कळणार?"

"हेडबाई, तुमच्या शाळेत रजाच नाही म्हणायची!"

शेवटी दादाने हात टेकले. नियम धाकटीचा राहिला, आणि खरं सांगायचं तर तो चुकीचाही नव्हता. फुकटे लोक भराभर गळून पडले, जाळं तगलं.

मग दादाच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागेल, आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. ऑपरेशनच्या आधी दादा दार लावून बसे आणि लेकीसाठी गोष्टी रेकॉर्ड करी. राक्षसाचा घोगरा आवाज, म्हातारीचा चिरका, आणि मध्येच स्वतःचा, "आता झोप बरं का, माकडा." सगळं त्याने जाळ्यात ठेवून दिलं. पुढे हॉस्पिटलचा मुक्काम लांबला. वहिनी लेकीला घेऊन तिथेच जवळ खोली करून राहिली. घर सोडताना कुणीही शहाणी बाई करते तेच तिने केलं. गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद.

धाकटी जाळ्यावर रोज नजर टाकत होती, पण कुठला कॉम्प्युटर कुणाचा हे तिलाही दिसत नव्हतं. तेच तर दोघांनी मेहनतीने साधलं होतं. आणि दादाच्या उशाशी बसलेली असताना त्याच्या कॉम्प्युटरची आठवण तिला झालीच नाही.

आज सगळे घरी आले आणि लेकीने पहिली मागणी केली ती गोष्टीची. गळ्याला पट्टी बांधलेला दादा हसला. त्याने धाकटीला खुणेने कॉम्प्युटर लावायला सांगितलं.

पत शून्य होती.

धाकटीने आकडा पुन्हा एकदा तपासला. तिने गोष्टी मागितल्या. जाळ्याने दारोदार विचारलं आणि दारोदार एकच उत्तर मिळालं, नाही. सगळे नियमाने वागले होते.

"तुझ्याकडे एखादी प्रत असेलच की," ती म्हणाली. दादाने नाही अशी मान हलवली आणि फोनवर लिहून दाखवलं, 'जागा नव्हती.'

एवढी मोठी डिस्क आणि जागा नव्हती? तिने उघडून बघितलं. डिस्क काठोकाठ भरली होती परक्यांच्या तुकड्यांनी, आणि त्यातले बहुतेक तुकडे पत केव्हाच शून्यावर गेलेल्या लोकांचे होते. भांडणात हरलेल्या दादाने आपल्यापुरती पुसापुशी गुपचूप बंद करून टाकली होती. कुणी आजारी असेल, कुणाच्या घरी काही झालं असेल, म्हणून तो ठेवत राहिला होता. धाकटीला रडू आलं आणि दादाचा संतापही आला. जगाचं सांभाळलं, आणि स्वतःची एक प्रत ठेवायला काय झालं होतं या माणसाला?

"लागत नाहीये का गं?" वहिनी दारात येऊन उभी राहिली.

"गेल्या गोष्टी, वहिनी."

"मी स्विच बंद केला म्हणून?"

"नाही. मी नियम केला म्हणून."

दादाने फोनवर काहीतरी लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि तिच्यासमोर धरलं. 'म्हणालो होतो.' मग तो भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते, पण आवाज येत नव्हता.

थोड्या वेळाने पडद्यावर एक ओळ उमटली. कुणीतरी फार दिवसांनी परतलं होतं आणि आपली फाईल मागत होतं. त्याचीही पत शून्यच होती. दादाच्या कॉम्प्युटरने त्याचे तुकडे निमूट काढून दिले.

धाकटीने दादाच्या खांद्याला हात लावला. त्याने वळून ती ओळ वाचली, परत वाचली. डोळे पुसून त्याने फोन उचलला. 'अजून एक डिस्क आण. मोठी.'

लेक दोघांच्या मध्ये घुसली. "आत्या, आला का बाबांचा आवाज?"

धाकटीने तिला मांडीवर घेतलं आणि नाही म्हणून सांगितलं.